डोकं हलवू नका, चुळबुळे

चुळबुळ्यांची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी, माझं डोकं माझ्या मालकीचं आहे ही माझी लहानपणापासूनची समजूत मोडीत निघाली.

मी दुकानाच्या दारात नुसता उभा होतो. आत जावं की पुढच्या चौकातलं दुकान बघावं, एवढाच विचार मनात होता. तो पुरा व्हायच्या आत मी खुर्चीत होतो. गळ्याभोवती पांढरं कापड आवळलेलं, चष्मा कुणीतरी काढून घेतलेला, आणि सुताराच्या शिकंज्यात फळी सापडावी तशी माझी कानशिलं दहा बोटांत सापडलेली. समोरच्या आरशात माझ्यामागे एक माणूस होता. एक म्हणतोय खरा, पण चष्म्यावाचून मला ते चार दिसले. एक कात्री पुसत होता, दुसरा पंख्याचं बटण ठोकत होता, तिसरा रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी "अहो, सासूबाईंचं कसंय?" म्हणून ओरडत होता, आणि चौथा माझं मुंडकं उजवीकडे फिरवत मला दरडावत होता, "डोकं हलवू नका!"

"मी कुठं हलवतोय? तुम्हीच हलवताय," मी म्हणालो.

"मी हलवलेलं चालतं, साहेब. तुम्ही हलवायचं नाही."

मग कात्री सुरू झाली आणि तिच्याबरोबर तोंड सुरू झालं. हे दोन अवयव त्यांच्या शरीरात एकाच मोटारीवर चालत असावेत. कात्री थांबली की वाक्य अर्ध्यावर लटकायचं, कात्री चालली की पुन्हा तिथूनच पुढे. नळाला पाणी का येत नाही, पोस्टमनचं लग्न का जमत नाही, माझ्या डोक्यावर दोन भोवरे असल्यामुळे माझं पुढं काय होणार, हे सगळं मला कळलं. मी जांभई दिली तर तीही "हलू नका" म्हणून परत आत ढकलण्यात आली. आणि मग वस्तरा गळ्याशी आला. त्याबरोबर एकदम शांतता. इतकी शांतता, की आपला कारभार आटोपला आणि आपण वर पोहोचलो, अशी माझी खात्रीच पटली. गळा झाला, वस्तरा बाजूला गेला, आणि पोस्टमनचं लग्न पुन्हा मोडायला लागलं. तेव्हा कुठं मी जिवंत असल्याचं माझ्या लक्षात आलं.

चुळबुळे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, वैतागून ठेवलेलं नाव. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. वहिनींचं म्हणणं असं, की हा माणूस झोपेतसुद्धा एका जागी नसतो; रात्री उशीवर डोकं ठेवतो आणि सकाळी पायथ्याशी सापडतो. जेवताना दोनदा उठायचं, चहा गॅलरीत फेऱ्या घालत प्यायचा, फोटो काढायला उभं केलं तर फोटोत बाकीचे सगळे ठळक आणि हे म्हणजे नुसता धूर. लग्नाच्या फोटोत वहिनींच्या शेजारी जो धूर आहे, तो त्यांचा नवरा आहे, हे त्यांना पाहुण्यांना बोटानं दाखवून सांगावं लागतं.

अशा माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना "हलू नका" म्हणून सांगावं, ही गंमत आम्ही सगळे इतकी वर्षं फुकट पाहत होतो.

मग एकदा मी केस कापून घरी आलो आणि बायकोनं दार उघडून माझ्याकडे पाहिलं.

"दुसरी बाजू कधी कापणार आहेत?"

"कुठली दुसरी?"

"डावी. की दोन हप्त्यांत कापतात आता?"

आरशात पाहिलं. उजवीकडे मी सरकारी कचेरीत शोभेन असा होतो, डावीकडे मी कुठल्याशा नाटक कंपनीतून पळून आलो होतो. मला वाटलं, झालं असेल बोलण्याच्या नादात. पण मग रस्त्यात एकेक जण भेटू लागले. दूधवाले, शाळेचे मुख्याध्यापक, वरच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून, सगळ्यांची डावी बाजू वाढलेली. आम्ही एकमेकांकडे बघायचो, ओशाळं हसायचो आणि पुढं जायचो. बोललं मात्र कुणीच नाही. चुळबुळ्यांना त्यांच्या कामातली चूक दाखवणं म्हणजे आईला तिच्या स्वयंपाकात खोट दाखवण्यासारखं होतं. उलट मुख्याध्यापकांनी घरी जाऊन स्वतःच्या हातानं डावी बाजू कापली आणि ते जास्तच भयंकर दिसू लागले. कॉलेजातला एक पोरगा तर दुकानात जाऊन "मला पण ती नवीन फॅशन करा" म्हणाला. चुळबुळे म्हणाले, "कुठली?" आणि त्याचेही तसेच कापले.

आम्ही गप्प राहिलो, पण वहिनी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. चुळबुळ्यांच्या ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि वर ते "आज भाजी केली नाहीस का?" म्हणून विचारतात, डाव्या पायात चप्पल न घालताच निघतात, स्वतःचा डावा गाल दाढी न करताच सोडतात, हे त्या बघत होत्या. एके सकाळी त्या थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"भावजी, यांना दवाखान्यात न्यायचंय. तुम्ही चला. मी एकटी गेले तर हे वाटेत तीन ठिकाणी उतरतील."

"मला काही झालेलं नाही," मागून चुळबुळे. "चष्म्याचा नंबर बदललाय. एवढंच."

"चष्म्याच्या नंबरानं भाजी नाहीशी होत नाही," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना एक रेघ दाखवून म्हटलं, हिच्या बरोबर मधोमध खूण करा. चुळबुळ्यांनी भलत्याच उजव्या टोकाशी खूण केली आणि अभिमानानं आमच्याकडे पाहिलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मेंदूचा स्कॅन करायला सांगितला.

स्कॅनची खोली तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या शेवटी. आत एक पांढरंशुभ्र अवाढव्य यंत्र, मधे माणूस सरकेल एवढं भोक, आणि काचेपलीकडे एक बाई, जिच्या हाती सगळा कारभार. ते यंत्र म्हणजे एक जबरदस्त लोहचुंबक असतं. म्हणून दारातच विचारतात: अंगावर लोखंड आहे का, शरीरात कुठं पट्टी, स्क्रू, खिळा? चुळबुळे सगळ्याला "नाही, नाही" म्हणत आत निघाले आणि बाईंनी किंचाळून त्यांचा सदरा मागून पकडला. वरच्या खिशात कात्री होती.

"अहो! ही उडून सरळ यंत्रावर गेली असती. मधे कोण आलं असतं ते बघितलं असतं का तिनं?"

"ही कात्री आहे होय! हिची मला आता जाणीवच राहिली नाही, बाई. वीस वर्षं इथंच असते."

कात्री वहिनींच्या पर्समध्ये गेली. चुळबुळे आत गेले. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो आणि आतून ठोकाठोक ऐकू येऊ लागली, जणू यंत्रातच कुणी कपाट बनवायला घेतलंय. मधेमधे ती थांबायची आणि बाईंचा आवाज यायचा. "हलू नका." पुन्हा ठोकाठोक. "काका, हलू नका." पुन्हा. "काका, मी काय सांगतेय?" वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. मी बोळात फेऱ्या घालत होतो. तिथला प्रत्येक माणूस फेऱ्या घालत होता. एकमेकांना वाट देताना आमची टक्कर व्हायची आणि पुन्हा आम्ही निघायचो. कुणालाच कुठं जायचं नव्हतं.

बाई बाहेर आल्या. "यांचा मेंदू नाही आला. ढग आलाय."

"लग्नातही तसंच झालं होतं," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी त्यांना झोपेचं इंजेक्शन देऊन आत घातलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चुळबुळ्यांचा एक फोटो ठळक आला. डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला. राखाडी अक्रोडासारखा मेंदू, आणि उजव्या बाजूला, कानाच्या वर मागच्या अंगाला, लिंबाएवढा पांढरा गोळा. शिरेतून औषध सोडलं होतं, ते गाठीनं पिऊन घेतलं, म्हणून ती अशी उजळली होती. उजवा मेंदू डावीकडचं जग सांभाळतो, गाठीनं तिथंच ठाण मांडलं, म्हणून डावीकडची भाजी, चप्पल आणि आमच्या गल्लीच्या अर्ध्या डोक्याचे केस दिसेनासे झाले. डॉक्टर शांतपणे सांगत होते. चुळबुळे खुर्चीत डावा पाय हलवत होते, की उजवा, मला आता आठवत नाही. बहुधा दोन्ही.

"काढून टाका," ते म्हणाले. "किती वेळ लागेल?"

"काढायचीच आहे. पण एक अडचण आहे. या गाठीच्या पुढच्या कडेला, अगदी शेजारी, डावा हात हलवणारा भाग असतो. गाठीनं त्याला कुठं ढकललंय, ते या साध्या फोटोत कळत नाही. मधे जागा असेल तर सगळी गाठ काढता येईल. नसेल, तर एक तर थोडी मागे ठेवावी लागेल, नाही तर हात जाईल."

चुळबुळे पहिल्यांदाच थांबले. पायसुद्धा थांबला.

"डावा हात म्हणजे कंगवा," ते म्हणाले. "कंगवा गेला तर कात्री काय वारा कापणार?"

"म्हणूनच आणखी एक स्कॅन करायचाय. यात तुम्ही जागे हवे. आत पडल्या पडल्या डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावायची. हात हलला की मेंदूतल्या त्या जागी रक्त जास्त धावतं आणि ती जागा यंत्रात उठून दिसते. मग मला कळेल कुठवर जायचं. मात्र हात हलवायचा आणि डोकं अजिबात नाही. यात झोपेचं इंजेक्शन चालत नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. आता त्या माणसाचा हात त्याच्या स्थिर राहण्यावर अवलंबून होता, आणि तसं स्थिर राहताना त्याला आजवर कुणीही बघितलं नव्हतं.

पहिला प्रयत्न पार फसला. बाईंनी डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, दोन्ही बाजूंना उशा कोंबल्या, घाबरलात तर दाबा म्हणून हातात रबरी फुगा दिला. चुळबुळ्यांनी तो आत जाण्यापूर्वीच दोनदा दाबून पाहिला. मग "सुरू" म्हटलं की बोटं, "थांबा" म्हटलं की विश्रांती. पण पहिलं बोट अंगठ्याला लागलं आणि आतून आवाज आला, "बाई, तुमच्याकडे पाण्याचं कसं आहे हो?"

"बोलायचं नाही, काका! जबडा हलला की डोकं हलतं!"

"बरं." बोट. "पण पाण्याचं?"

बाईंनी त्यांना बाहेर काढलं. चुळबुळे अगदी रडवेले झाले होते.

"मुद्दाम नाही हो करत. बोटं हलली की तोंड आपोआप सुटतं. तोंड दाबून धरलं की बोटं थांबतात. गप्प राहून हात चालवायची मला सवयच नाही."

पुढची तारीख मिळाली आणि मधले दिवस आमच्या गल्लीनं सरावात काढले. सरावाची जागा अर्थात दुकान. चुळबुळे प्रथमच स्वतःच्या खुर्चीत बसले आणि बसल्याबरोबर म्हणाले, "इथून आरसा तिरका दिसतो. कुणी सांगितलं का नाही मला?" मी मागे उभा राहून दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. दूधवाले "सुरू" आणि "थांबा" म्हणायला. मुख्याध्यापकांना शिस्तीसाठी बोलावलं होतं.

"सुरू!"

बोट अंगठ्याला लागलं आणि माझ्या तळव्यांखाली जबडा निघालाच. "साहेब, तुमचे हात किती गार आहेत—"

"डोकं हलवू नका!" आम्ही तिघं एकदम ओरडलो, आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत असा आनंद मला मिळाला नव्हता.

पण आनंदानं फोटो येत नाही. मुख्याध्यापकांनी ओठांत पेन्सिल धरायला दिली. ती चावून झाली. दूधवाल्यांनी तोंडात पाणी धरायला सांगितलं. बोलायला मागे वळले आणि ते माझ्या चष्म्यावर आलं. संध्याकाळी सगळे पांगायचे. चुळबुळे शटर ओढायचे, पुन्हा अर्धं वर करायचे, आत काही राहिलं का बघायचे, पुन्हा ओढायचे. डॉक्टरांनी गाठ फार दिवस ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. मला घरी बसवेना. बायको म्हणाली, "तुम्हालाही ते चुळबुळे लागले वाटतं." ती स्वतः तेव्हा स्वच्छ असलेली फडताळं दुसऱ्यांदा पुसत होती.

शेवटी वहिनी दुकानात आल्या, आमचा सराव दारातून बघत उभ्या राहिल्या आणि वैतागून म्हणाल्या, "अहो, गळ्यावर वस्तरा असताना कधी बोलता का तुम्ही?"

"तेव्हा? छे," चुळबुळे म्हणाले.

"तेव्हा डाव्या हातानं काय करता?"

"कातडं ताणतो," चुळबुळे म्हणाले. "एकेक बोट सरकवत. ते सैल पडलं तर वस्तरा लागतो."

"मग तेच करा आत. समोर गळा आहे असं समजा."

"कुणाचा?"

वहिनींनी दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "भावजींचा समजा. त्यांचा जाड आहे, लक्षात राहील."

अशा वेळी मनुष्य आपला गळा मोठ्या मनानं देतो. दूधवाले म्हणाले, "सुरू." चुळबुळ्यांनी डोळे मिटले. बोटं चालू लागली, हलकेच, एकामागून एक अंगठ्याकडे. माझ्या तळव्यांखाली जबडा नव्हताच जणू. दूधवाले "थांबा" म्हणायचं विसरले. बोटं चालत राहिली. मी मात्र उगीचच आवंढा गिळला.

स्कॅनच्या दिवशी मी आणि वहिनी काचेपलीकडे उभे होतो. बाईंनी आमच्यावर दया केली होती. यंत्राची ठोकाठोक सुरू झाली. "सुरू," बाई म्हणाल्या. भोकातून बाहेर आलेले त्यांचे दोन पाय आणि चादरीवरचा डावा हात एवढंच आम्हाला दिसत होतं. बोटं हलत होती. पाय हलत नव्हते. आतून एक शब्द आला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होतो. वहिनी पर्सचा बंद उघडत होत्या, लावत होत्या, उघडत होत्या.

"तुम्ही दोघं जरा हलू नका हो," बाई म्हणाल्या. "माझं लक्ष जातंय."

चुळबुळे बाहेर आले ते घामानं निथळत. उठून बसल्याबरोबर पहिलं वाक्य: "साहेब, तुमच्या गळ्यावर डावीकडे एक तीळ आहे. सांभाळून गेलो." आणि मग पाण्याच्या प्रश्नासकट सगळं, न थांबता, गाडीत बसेपर्यंत.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं. तोच राखाडी मेंदू, तोच पांढरा गोळा, आणि त्याच्या पुढं एक नारिंगी ठिपका. हा हात. गोळा आणि ठिपका यांच्या मधे एक राखाडी पट्टी होती, बोटाच्या नखाएवढी.

"जागा आहे," डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी पडद्याला हात लावून पाहिला. कुणी त्यांना अडवलं नाही. चुळबुळे ठिपक्याकडे बघत होते, आणि त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप उघडझाप करत होता.

"एवढासा आहे होय," ते म्हणाले. "आणि याच्यावर मी घर चालवलं."

ऑपरेशन झालं. त्या दिवशी बोळात आम्ही किती चाललो ते विचारू नका. मुख्याध्यापकांनी तर तिथल्या मुलांना रांगेत चालायला लावलं. चुळबुळे शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी डावा हात उचलायला सांगितला. तो उचलला गेला. बोटं अंगठ्याला लावायला सांगितली. ती लागली, आणि बोटांबरोबर तोंडही सुटलं. नर्सनं "बोलू नका" म्हटलं, तेव्हा वहिनींनी तिचा हात धरला. "बोलू दे गं," त्या म्हणाल्या.

पुढं गाठीचा तपास झाला, यंत्रातून किरणं दिली, ठरावीक महिन्यांनी पुन्हा स्कॅन होत राहिले. प्रत्येक स्कॅनच्या आधी सगळी गल्ली अस्वस्थ, आणि नंतर डॉक्टर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून बघेपर्यंत आणखी अस्वस्थ. गाठीच्या जागी उरलेली काळी पोकळी होती तेवढीच राहिली. नवीन पांढरं काही उगवलं नाही. डावीकडचं जगही हळूहळू परत आलं. वहिनी सांगतात, आता ते ताट पूर्ण संपवतात आणि वर पुन्हा वाढ म्हणतात.

हात अगदी शाबूत आहे. पण ऑपरेशननंतर त्यांना दोनदा फिट आली, आणि पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून डॉक्टरांनी कात्री आणि वस्तरा कायमचा बंद केला. दुकान भाड्यानं दिलं आहे. तिथं आता पंखे दुरुस्त होतात.